पीस लिली आणि मांजर: एका घरात राहू शकतात का?

घरात मांजर आहे आणि पीस लिलीची कुंडी आणायची आहे. किंवा कुंडी आधीपासून आहे आणि आता मांजराचं पिल्लू येणार आहे. अशा वेळी चार जणांना विचारलं की दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक म्हणतो, लिली म्हणजे मांजराला मरण, आजच्या आज बाहेर काढा. दुसरा म्हणतो, काही होत नाही, आमच्या घरात कधीपासून आहे. दोघेही मनापासून सांगत असतात, आणि दोघांचंही उत्तर अर्धंच असतं.

थेट उत्तर असं: पीस लिली चावल्याने मांजर सहसा मरत नाही, पण त्याला चांगलाच त्रास होतो. खऱ्या लिलीने मात्र मांजर मरतं, आणि तेही फार थोड्या मात्रेत. ही दोन झाडं एकमेकांच्या नात्यातलीही नाहीत. त्यामुळे 'लिली विषारी आहे का?' या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. विष कुठलं, ते शरीरात कुठे काम करतं, किती लागतं आणि किती वेळात, एवढं कळलं की मग कुंडीचं काय करायचं ते आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी पीस लिली बघू. तिचं शास्त्रीय नाव स्पॅथिफायलम. अळू, अँथुरियम, मनी प्लँट, डिफेनबाकिया ही सगळी झाडं ज्या कुळातली, त्याच कुळातली ही. ज्याला आपण तिचं पांढरं फूल म्हणतो ते खरं तर एक रूप बदललेलं पान असतं. खरी फुलं अगदी बारीक, त्या पानाच्या पुढे उभ्या असलेल्या कणसावर दाटीने बसलेली असतात. कमी उजेडात तग धरते, पाणी कमी पडलं की पानं खाली लोंबवून सांगते, पाणी मिळालं की काही तासांत पुन्हा ताठ होते. घरात ठेवायला इतकं समजूतदार झाड क्वचितच मिळतं, म्हणून ती घरोघरी दिसते. (हवा शुद्ध करते म्हणून आणणारेही बरेच असतात. १९८९ साली नासाच्या अभ्यासात तिचं नाव आलं तेव्हापासून हे चाललंय. पण तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. खिडक्या-दारं असलेल्या खोलीत एक-दोन कुंड्यांनी हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. तेवढ्यासाठी मांजराला त्रास होईल असं झाड घरात ठेवू नका.)

आता पानाच्या आत काय असतं ते पाहू. पीस लिलीच्या पानांत, देठांत, फुलात, मुळांत काही खास पेशी असतात. त्या पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. दोन्ही टोकांना अणकुचीदार, आणि डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. आगपेटीत काड्या रचलेल्या असतात तशा या सुया एका पेशीत जुडीने रचलेल्या असतात, आणि त्यांच्या भोवती एक चिकट द्रव असतो. मांजराने पान चावलं की पेशीचं आवरण फुटतं, लाळेतलं पाणी आत शिरतं, तो द्रव फुगतो आणि सुया बाहेर फेकल्या जातात. त्या जिभेत, हिरड्यांत, टाळूत, घशात रुततात.

म्हणजे हे विष रक्तात शिरून मग काम करणारं नाही. जिथे लागलं तिथेच इजा करतं. परिणाम दिसायलाही वेळ लागत नाही, चावल्यापासून काही मिनिटांतच मांजराचं वागणं बदलतं. ते एकदम मागे सरतं, डोकं झटकतं, पुढच्या पंजाने तोंड पुन्हा पुन्हा घासायला लागतं. हनुवटीवरून लाळेच्या तारा लोंबतात, कधी लाळेला फेस येतो. जीभ तोंडात नीट बसत नाही असं काहीतरी ते करत राहतं. वाटीशी जातं, वास घेतं आणि न खाताच परत फिरतं. काही मांजरांना उलटी होते, काहींचा आवाज बसतो. भेदरलेलं मांजर पलंगाखाली जाऊन बसतं आणि बोलावलं तरी येत नाही.

पण याच सुयांमुळे मांजर वाचतंही. पहिल्या चाव्यालाच इतकी आग होते की दुसरा चावा सहसा घेतलाच जात नाही. त्यामुळे पोटात फारसं काही जात नाही. बहुतेक मांजरांचा त्रास काही तासांत कमी होतो, तोंड दुखणं एखादा दिवस रेंगाळतं. धोका असतो तो घसा सुजून श्वासाला अडथळा येण्याचा. असं क्वचित होतं, पण झालंच तर घरी थांबून चालत नाही. दुसरी काळजी खाण्याची. तोंड दुखतंय म्हणून मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते आणि त्यातून एक वेगळंच, गंभीर आजारपण सुरू होऊ शकतं. जाडजूड मांजरांना हा धोका जास्त. म्हणून 'बरं होईल आपोआप' म्हणतानाही ते खातंय की नाही यावर लक्ष हवं.

ऑक्झलेट हा शब्द वाचला की बऱ्याच जणांच्या मनात लगेच मुतखडा आणि किडनी येते. त्यामुळे इथे थोडं थांबून सांगायला हवं. ऑक्झलेट दोन प्रकारांत आढळतं, पाण्यात विरघळणारं आणि न विरघळणारं. विरघळणारं आतड्यातून रक्तात जातं, रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं आणि जास्त झालं तर किडनीला इजा करतं. पीस लिलीतलं ऑक्झलेट न विरघळणारं आहे. ते तोंडाला आणि घशाला जखमी करतं, पण रक्तात जाऊन किडनी निकामी करत नाही. पीस लिली खाल्ली म्हणून किडनी जाईल ही भीती खऱ्या लिलीकडून उसनी आलेली आहे.

आणि खऱ्या लिलीबद्दलची भीती मात्र पूर्णपणे खरी आहे.

खरी लिली म्हणजे लिलियम या प्रजातीची झाडं: ईस्टर लिली, टायगर लिली, एशियाटिक लिली, ओरिएंटल लिली, स्टारगेझर. त्यांच्या जोडीला हेमेरोकॅलिस म्हणजे डे लिली. मांजरांच्या बाबतीत या दोन प्रजातींना एकाच रांगेत धरायचं. पानं, देठ, पाकळ्या, परागकण, कंद, सगळ्यात विष असतं. फुलदाणीत ज्या पाण्यात ही फुलं ठेवली त्या पाण्यातही ते उतरतं. एखादं-दुसरं पान चघळलं किंवा अंगावर सांडलेले परागकण चाटून काढले, एवढ्यानेही किडनी निकामी होऊ शकते. हे करणारं द्रव्य नेमकं कुठलं, ते शास्त्रज्ञांना अजून हाती लागलेलं नाही. पाण्यात विरघळतं आणि किडनीच्या सूक्ष्म नलिकांमधल्या पेशी मारतं, इतकं माहीत आहे. कुत्र्याने हेच खाल्लं तर पोट बिघडतं, पण किडनी जात नाही. मांजराचीच जाते.

या विषबाधेत सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. पहिल्या काही तासांत मांजर उलट्या करतं, लाळ गाळतं, मलूल होतं. मग बऱ्याचदा उलट्या थांबतात. मांजर जरा सावरल्यासारखं दिसतं आणि घरच्यांना वाटतं, संकट टळलं. पण आत किडनीचं नुकसान चालूच असतं. एक ते तीन दिवसांत ते बाहेर दिसायला लागतं: आधी पाणी खूप पिणं आणि लघवी वाढणं, मग लघवी कमी होत जाणं आणि शेवटी थांबणं. लघवी थांबल्यावर मांजर वाचण्याची आशा फार थोडी उरते. याउलट खाल्ल्यापासून साधारण १८ तासांच्या आत सलाईन सुरू झालं तर बहुतेक मांजरं वाचतात. मधे जो बरं वाटण्याचा काळ येतो तो नेमका याच १८ तासांत मोडतो, आणि तिथेच कित्येक मांजरं हातची जातात. म्हणून खऱ्या लिलीच्या बाबतीत लक्षणं दिसण्याची वाट बघायची नसते. नाकावर पिवळा-केशरी पराग दिसला, पानावर दातांच्या खुणा दिसल्या, की निघायचं.

तो पराग जवळून पाहिला की हे इतकं सहज कसं घडतं ते लक्षात येतं. लिलियमच्या फुलात सहा लांब पुंकेसर बाहेर झुकलेले असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून मोठी, पराग भरलेली पिशवी डुलत असते. नुसता स्पर्श झाला तरी गर्द केशरी-तपकिरी भुकटी झडते. ती तेलकट असते, कपड्याला लागली तर डाग निघत नाही. मांजर टेबलावरून फुलदाणीला घासून गेलं की ती पाठीच्या केसांना चिकटते. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. अंग चाटताना ते काटे केसांतलं सगळं विंचरून तोंडात आणतात. मांजराने लिलीला तोंडही लावलेलं नसतं, तरी विष पोटात गेलेलं असतं.

मग ओळखायचं कसं? पीस लिलीची पानं थेट मातीतून, प्रत्येक आपापल्या देठावर वर येतात. रुंद, गर्द हिरवी, चकाकणारी, टोकाला निमुळती. पांढरं फूल एका पाकळीचं वाटतं आणि मधे कणीस. खऱ्या लिलीला कंदातून एक सरळ दांडा येतो, त्या दांड्यावर खालपासून वरपर्यंत अरुंद पानं असतात, आणि शेंड्याला सहा पाकळ्यांचं मोठं फूल. डे लिलीची पानं गवतासारखी लांबट, बुडातून फुटलेली असतात, फूल तुतारीसारखं उघडतं आणि एका दिवसात मिटतं. कुंडीवर नुसतं 'लिली' लिहिलेलं असेल तर शास्त्रीय नाव विचारा. कारण नावात लिली असलेली आणखीही झाडं आहेत आणि प्रत्येकाचं विष निराळं आहे. कॅला लिलीचा त्रास पीस लिलीसारखाच. लिली ऑफ द व्हॅली हृदयावर जाते. ग्लोरी लिली म्हणजे आपली कळलावी. तिच्यात कोल्चिसिन असतं, आणि मांजरच काय, माणसालाही ते जीवघेणं आहे.

मांजराच्या बाबतीतच इतकं जपावं लागतं याला कारणं आहेत. मांजर मुळात निव्वळ मांसाहारी प्राणी. वनस्पतींमधली नाना प्रकारची रसायनं पचवण्याची वेळ त्याच्या पूर्वजांवर फारशी आलीच नाही. आपल्या यकृतात अशी रसायनं निष्प्रभ करून बाहेर टाकण्याची जी व्यवस्था असते, तिचा एक महत्त्वाचा भाग मांजरांमध्ये नीट चालत नाही. त्यासाठी लागणारं एक जनुक त्यांच्यात निकामी झालेलं आहे. म्हणूनच आपण सहज घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. त्यात भर म्हणजे मांजराचं वजन तीन-चार किलो, आणि अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट चाटून साफ करण्याची सवय. असं असूनही मांजरं पाला खातात. निरोगी, पोटभर जेवलेली मांजरंही खातात. 'माझं मांजर झाडांकडे बघतही नाही' असं आपण म्हणतो तेव्हा ते फक्त आपल्या समोरचं वागणं असतं.

बाकीच्या फुलझाडांपैकी कलांचोबद्दल जरा सावध राहा. लहानशा कुंडीत लाल, पिवळ्या, गुलाबी फुलांचे गुच्छ येतात, पानं मांसल, आणि भेट म्हणून हे झाड फार दिलं जातं. त्याच्यात हृदयावर काम करणारी द्रव्यं असतात आणि ती फुलांमध्ये जास्त असतात. पेशींमध्ये सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक पंप असतो. ही द्रव्यं तो पंप अडवतात, त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडू शकतात. कण्हेरीचं विषही याच रीतीचं आहे, फक्त कितीतरी जहाल. कलांचोने बहुतेक वेळा उलट्या-जुलाबांवर निभावतं, पण जास्त खाल्लं गेलं तर निभावेलच असं नाही. सायक्लेमेन आणि ॲमरिलिस यांचा मुख्य धोका कंदात असतो, म्हणजे कुंडी उकरणाऱ्या मांजराला. अझेलियाची थोडी पानंही वाईट. शेवंतीने लाळ, उलटी, अंगावर पुरळ. अँथुरियमचं सगळं पीस लिलीसारखं. पॉइन्सेटिया उगाच बदनाम आहे. तिच्या चिकाने तोंड चुरचुरतं, फार तर उलटी होते, यापलीकडे सहसा काही नाही.

निर्धास्तपणे ठेवता येतील अशी फुलझाडंही कमी नाहीत. आफ्रिकन व्हायोलेट माझं सगळ्यात आवडतं. खिडकीच्या कडेवर मावतं, कमी जागेत भरभरून फुलतं आणि मांजराने पान चावलं तरी विषाची भीती नाही. फॅलेनॉप्सिस ऑर्किड, ख्रिसमस कॅक्टस, होया, ग्लॉक्सिनिया, ब्रोमेलियाड, जरबेरा, मोगरा हीही मांजरांसाठी बिनविषारी समजली जातात. गुलाबाचे काटे तेवढे सांभाळायचे.

मात्र 'सुरक्षित' याचा अर्थ 'खायला चालतं' असा घेऊ नका. कुठलाही पाला बराचसा पोटात गेला तर मांजर उलटी करणारच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. जास्त लक्ष द्यायला हवं ते झाडाला बाहेरून घातलेल्या गोष्टींकडे. नवीन आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. काही कीटकनाशकं मुळांतून शोषली जाऊन पानांत पोचतात, ती पानं धुऊन जात नाहीत. हाडांच्या चुऱ्याचं खत मांजराला वासाने ओढून घेतं. पानं चमकवायचे स्प्रे, निळ्या रंगात रंगवलेली ऑर्किड, कुंडीच्या बशीत साचलेलं खताचं पाणी, या सगळ्यांकडे बघायला हवं. नवीन झाड काही आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं आणि शक्य असेल तर त्याची माती बदलावी.

पीस लिली घरात आधीच असेल तर? पिल्लू असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कुंडी कुणाला तरी देऊन टाका. पिल्लं सगळं तोंडाने तपासतात. शांत, वयस्क मांजर असेल आणि ज्या खोलीत ते जातच नाही अशी खोली असेल, तर तिथे ठेवायला हरकत नाही. पण उंच फळी किंवा टांगलेली कुंडी हा उपाय नव्हे. मांजराला उंची अडवत नाही, उलट बोलावते, आणि खाली लोंबणारं हलतं पान दिसलं की पंजा उठतोच. पानांवर लिंबू, तिखट असलं काही शिंपडायचे सल्लेही सोडून द्या. काही मांजरांवर त्याचा काही परिणाम होत नाही, आणि तिखट डोळ्यांत गेलं तर नवीनच दुखणं. त्यापेक्षा ओट किंवा गव्हाचं कोवळं गवत एका पसरट कुंडीत उगवून मांजराच्या वावरण्याच्या जागी ठेवा. चघळायला हक्काचं काही मिळालं की बाकीच्या कुंड्यांवरचं लक्ष बरंच कमी होतं. खरी लिली मात्र मांजराच्या घरात कुठल्याही खोलीत, कुठल्याही फळीवर नको. बुकेमधूनही नको. कुणी फुलं पाठवणार असेल तर आधीच सांगून ठेवा, आणि आली तर दारातूनच परत करा.

मांजराने पीस लिली चावलेली दिसली तर आधी तोंडात अडकलेले पानाचे तुकडे काढा. ओल्या मऊ फडक्याने जीभ आणि हिरड्या हलक्या हाताने पुसा, पाणी समोर ठेवा. जबरदस्तीने काही पाजू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जाऊ शकतं. मिठाचं पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन उलटी करवण्याचा प्रयत्न तर मुळीच नको. मीठ मांजराला स्वतःच विषारी ठरतं आणि पेरॉक्साइडने जठराचं अस्तर सोलवटून रक्त येतं. शिवाय सुया रुतलेल्या घशातून उलटी पुन्हा वर आली तर जखमा वाढतात. श्वास घेताना आवाज येत असेल, तोंड उघडं ठेवून श्वास चालला असेल, चेहरा सुजला असेल, लाळ काही तासांत कमी होत नसेल किंवा मांजर दुसऱ्या दिवशीही खात नसेल तर डॉक्टरांकडे न्या. दुखणं आणि सूज कमी करायची औषधं त्यांच्याकडे असतात. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कधीही देऊ नका.

खऱ्या लिलीचा नुसता संशय असेल तर यातलं काही करत बसू नका. अंगावर पराग असेल तर तो ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि मांजराला चाटू न देता टॉवेलमध्ये गुंडाळून निघा. वाटेत फोन करून किती वाजता खाल्लं असेल ते सांगा, कारण पुढचे उपचार त्या वेळेवर ठरतात. लवकर पोचलात तर डॉक्टर सुरक्षित रीतीने उलटी करवतील, सलाईन लावतील, ते दोन-तीन दिवस चालू ठेवतील आणि अधूनमधून रक्त-लघवी तपासून किडनीवर नजर ठेवतील. पहिली तपासणी चांगली आली म्हणून मधेच घरी आणायची घाई करू नका, किडनीचे आकडे चढायला वेळ लागतो. जाताना झाडाची एक फांदी पिशवीत घाला किंवा पान, फूल, दांडा दिसेल असा फोटो काढून घ्या. आणि ती कुठली लिली आहे हे कुणालाच सांगता येत नसेल, तर खरी लिलीच समजून चला आणि डॉक्टरांनाही तसंच सांगा.